‘पक्कं’ घर म्हणजे नेमकं कोणतं?

मे महिना, तोंडावर परीक्षा आणि रात्रीचे अकरा वाजले तरी खोलीत बसवत नाही. धामणगाव रेल्वेत स्लॅबच्या किंवा टिनाच्या घरात अभ्यास केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मे 2024 मध्ये अकोल्यात पारा 45 अंशांच्या वर गेला, तेव्हा उन्हामुळे तिथं चक्क कलम 144 लावावं लागलं!

टिन लगेच तापतं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच धग आपल्यावर सोडतो. मग कूलर, त्याला पाणी आणि वाढलेलं वीजबिल. शिवाय जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सुमारे 7 ते 8 टक्के आहे. म्हणजे घर बांधतानाही उष्णता वाढवायची आणि राहतानाही.

‘ग्रीन बिल्डिंग’ म्हटलं की आपल्याला पुण्या-मुंबईच्या चकचकीत इमारती आठवतात. पण धामणगावहून गाडीत बसा, पुलगावनंतर वर्धा येतं. तिथून जवळच सेवाग्रामला 1930 च्या दशकात उभी राहिलेली बापूकुटी आहे. माती, बांबू, लाकूड आणि वर कवेलू. जाड भिंती, रुंद पडवी. जवळपास 90 वर्षं झाली, कुटी उभी आहे.

आता कुणी म्हणेल, मातीचं घर दरवर्षी लिंपायचं कोण? वाळवी, गळकं छप्पर यांचं काय? प्रश्न खरा आहे. आपल्या आजीला धाब्याच्या घराचं कौतुक असेल, पण त्या घराची मेहनतही तिनंच केली. म्हणून जुनं जसंच्या तसं परत आणा, असं मुळीच नाही.

मुद्दा वेगळा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण नियमांत पक्कं घर म्हणजे नेहमीच्या देखभालीत किमान 30 वर्षं टिकणारं, तिथलं हवामान सोसणारं घर. त्यात सिमेंटचीच सक्ती नाही! तरी सपाट भागात मिळणाऱ्या 1 लाख 20 हजारांत लोक विटा-सिमेंटचंच घर बांधतात. कारण मिस्त्रीला तेच येतं, हप्ता अडकायची भीती असते आणि मातीचं घर म्हणजे गरिबी, हे डोक्यात पक्कं बसलंय.

वर्ध्यात ‘सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस’ ही संस्था 1976 पासून गावाला परवडणाऱ्या बांधकामावर काम करतेय. कुंभारानं घडवलेल्या मातीच्या नळ्यांचं छत हा त्यातलाच प्रयोग. म्हणजे ज्ञान शेजारच्याच जिल्ह्यात आहे. ते मिस्त्रीपर्यंत आणि ग्रामसभेपर्यंत कोण नेणार? सिव्हिलचा डिप्लोमा करणारे तुमच्यातलेच कुणीतरी.

तोवर एक सोपं काम. या उन्हाळ्याआधी आपल्या स्लॅबला वरून पांढरा चुना मारा. पांढरा रंग ऊन परतवतो. नाही म्हणायला रात्रीचा अभ्यास तरी होईल.