पंख मोडून पाहावाच लागतो

नवी मोटार रस्त्यावर येते तेव्हा ती संगणकाच्या पडद्यावर शेकडो वेळा आदळून झालेली असते. पुलावरचा वारा, विमानाच्या पंखावरचा ताण, इंजिनातली उष्णता, सगळे आधी गणितात घडून जाते. यात आता वादाचे काही उरलेले नाही. वाद आहे तो पुढच्या पायरीचा. सिम्युलेशन इतके भरवशाचे झाले असेल तर प्रत्यक्ष चाचण्या कमी का करू नयेत, आणि मंजुरी देणाऱ्या यंत्रणांनी संगणकातला निकालच पुरावा म्हणून का धरू नये? कारखानदारांचा हा प्रश्न रास्त आहे. ‘यंत्रावर एवढा विश्वास बरा नव्हे’ असे म्हणून तो टाळता येणार नाही.

त्यांची बाजू आधी नीट ऐकू. क्रॅश टेस्टसाठी बनवलेली गाडी एकदाच आपटता येते. तीही ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या कोनातून, ठरलेल्या मापाचे पुतळे आत बसवून. गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या ‘भारत एनकॅप’ चाचणीत समोरची टक्कर ताशी 64 किलोमीटर वेगाने होते, रस्त्यावरचा अपघात हा आकडा विचारून येत नाही. सीट पुढे ओढून चालवणारी ठेंगणी बाई, मागच्या सीटवरचे सत्तरीचे आजोबा, तिरका घुसलेला ट्रॅक्टर-ट्रॉलीचा कोपरा, या सगळ्यांसाठी खऱ्या गाड्या फोडत बसणे कोणालाच परवडणार नाही. संगणकात मात्र वेग, कोन, बसणाऱ्याची उंची बदलून हव्या तितक्या टकरी घडवता येतात. शिवाय प्रत्यक्ष चाचणी म्हणजे हमखास सत्य, असेही नाही. दाइहात्सू या जपानी कंपनीच्या चौकशीत डिसेंबर 2023 मध्ये 64 मॉडेलांच्या चाचण्यांतले 174 गैरप्रकार बाहेर आले. काही चाचण्यांत एअरबॅग टक्कर ओळखून न उघडता टायमर लावून उघडवली होती. गाडी खरी, टक्कर खरी, निकाल तेवढा खोटा.

तेव्हा प्रत्यक्ष चाचणीची पूजा करण्यात अर्थ नाही. पण सिम्युलेशनवर ज्यांची सगळ्यात जास्त भिस्त होती त्यांनीच काय केले, तेही पाहू. बोइंग 777 हे पूर्णपणे संगणकावर आरेखन झालेले पहिले प्रवासी जेट. भाग एकमेकांत नीट बसतात का हे पाहायला पूर्वी विमानाची पूर्णाकृती प्रतिकृती उभारावी लागे. ते काम या वेळी ‘कॅटिया’ या सॉफ्टवेअरने केले. जून 1994 मध्ये विमान उडालेही. तरी जानेवारी 1995 मध्ये बोइंगने एव्हरेटच्या कारखान्यात विमानाचा सांगाडा जखडून त्याचे पंख मोडेपर्यंत वर खेचले. सेवेत येऊ शकेल अशा सर्वाधिक भाराच्या दीडपट भार पंखाने पेलावा, असा नियम आहे. पंख 154 टक्क्यांना मोडले.

अकरा वर्षांनी, फेब्रुवारी 2006 मध्ये, एअरबसने तुलूझ येथे हाच प्रयोग ए380 या दुमजली विमानावर केला. पंख 147 टक्क्यांना तुटला. या तीन टक्क्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. एवढ्या अवाढव्य पंखाचे भाकीत इतके जवळ जावे, ही सिम्युलेशनची थोरवीच. पण ते चुकले धोक्याच्या बाजूला, आणि पंख मोडून पाहिला नसता तर ते कोणाला कळलेही नसते. पुढे जे झाले ते आमच्या मते अधिक महत्त्वाचे. एअरबसने दुसरा पंख मोडला नाही. कमकुवत जागी सुमारे 30 किलोची बळकटी दिली, तुटलेल्या पंखाने दिलेल्या मोजमापांवर आपले गणित घासून घेतले आणि ते गणित नियामकांपुढे ठेवले. नियामकांनी ते मान्य केले. डिसेंबर 2006 मध्ये विमानाला मंजुरी मिळाली. आधी मोडून पाहणे आणि मग हिशेबावर विसंबणे, हा क्रम त्यांनी पाळला.

हा क्रम नसेल तर काय होते, याचा दाखला नॉर्वेत आहे. ‘स्लाइप्नर ए’ या वायू-उत्पादन मंचाचा काँक्रीटचा पाया 23 ऑगस्ट 1991 रोजी स्टॅव्हँगरजवळच्या खाडीत हळूहळू पाण्याखाली उतरवला जात होता. सुमारे 65 मीटर खोलीवर आतली एक भिंत फुटली, पाणी घुसले आणि तो सगळा डोलारा तळावर आदळून चक्काचूर झाला. माणसे वाचली, नुकसान सुमारे 70 कोटी डॉलरचे. चौकशीत निघाले ते असे: काँक्रीटच्या गोल कोठ्या जिथे एकमेकींना भिडतात, त्या जागेचे संगणकातले तुकडे, म्हणजे मेश, फार जाडेभरडे पाडले होते. त्यामुळे तिथला कातर ताण खऱ्यापेक्षा 47 टक्क्यांनी कमी दिसला. भिंत त्या बेताने पातळ झाली, आणि त्यातल्या सळ्याही आखूड पडल्या. अपघातानंतर त्याच जागेचा मेश बारीक करून हिशेब मांडला, तेव्हा संगणकाने उत्तर दिले की ही भिंत 62 मीटरवर फुटेल.

तीन मीटरचा फरक! म्हणजे तंत्र बिनचूक उत्तर द्यायला समर्थ होते. त्याला प्रश्नच ढोबळ विचारला गेला. सिम्युलेशनचे टीकाकार हा अपघात ‘संगणकाने बुडवले’ म्हणून सांगतात आणि समर्थक ‘माणसाची चूक’ म्हणून झटकतात. दोघेही अर्धेच बोलतात. रंगीत चित्रात लाल ठिपका कुठेच नसला की पाहणाऱ्याचा संशय मावळतो, हा या साधनाचा अंगभूत धोका आहे. मेश कोणी पाडला, टोके कुठे जखडली, धातूचे गुणधर्म कुठल्या तक्त्यातून उचलले, यांतले काहीच त्या चित्रात दिसत नाही.

ही न दिसणारी माहिती जपायची कशी, इथून प्रश्न उत्पादनाच्या संपूर्ण आयुष्याकडे वळतो, आणि आमच्या मते खरी अडचण तिथे आहे. पुन्हा ए380 घ्या. पंखाचे गणित जमलेल्या या कंपनीला तारांनी रडवले. विमानात सुमारे 530 किलोमीटर वायरिंग. हँबुर्गचे अभियंते ‘कॅटिया’च्या जुन्या चौथ्या आवृत्तीत काम करत होते, तुलूझचे नव्या पाचव्या. दोन्हींतली माहिती एकमेकींत नीट उतरेना. जर्मनीहून आलेले तारांचे जुडगे फ्रान्समध्ये विमानात घालू गेले, तर ते जागेवर पोहोचेनात. विमान सुमारे दोन वर्षे रखडले, आणि 2010 पर्यंतच्या नफ्याला 4.8 अब्ज युरोंचा खड्डा पडेल असा अंदाज कंपनीने 2006 मध्ये स्वतःच जाहीर केला. चालू आराखडा कोणता, एवढ्या एका गोष्टीवर दोन गावांचे एकमत नव्हते. पुढे 2012 मध्ये सेवेतल्या विमानांच्या पंखांत आतल्या छोट्या जोडपट्ट्यांना भेगा सापडल्या. निवडलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आणि जोडणी करताना पट्टीत अडकून राहिलेला ताण, ही कारणे. मोडून पाहिलेल्या पंखातही न दिसलेली गोष्ट काही वर्षांच्या वापराने दाखवली. ए380चे उत्पादन 2021 मध्ये संपले, विमाने अजून उडताहेत. त्यांच्या आरेखनातली गृहीतके, बदल आणि दुरुस्त्यांच्या नोंदी शेवटचे विमान निवृत्त होईपर्यंत उघडता आणि वाचता आल्या पाहिजेत. सॉफ्टवेअर दर काही वर्षांनी बदलणाऱ्या जगात हे काम वाटते तितके सोपे नाही.

हा विषय महाराष्ट्राला परका नाही. ‘कॅटिया’च्या घडणीचा मोठा वाटा पुण्यातल्या अभियंत्यांनी उचलला आहे, वाहनांना मंजुरी देणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यातच आहे. आणि चाकण-भोसरीच्या पट्ट्यात मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य छोटी युनिट्स आहेत. तिथल्या मालकाला पीएलएम, म्हणजे उत्पादनाच्या आयुष्यभराच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा भाव सांगितला तर तो हात जोडेल, आणि त्यात त्याचे चुकत नाही. त्याची अडचण वेगळी असते: ड्रॉइंगची सुधारित रिव्हिजन कोणाच्या तरी व्हॉट्सॲपवर येऊन पडलेली, मशीनवर मात्र जुनीच प्रिंट चिकटवलेली, आणि रिजेक्शन झाल्यावर दोष ऑपरेटरचा. अशा जागी महागड्या प्रणालीआधी एक साधे रजिस्टर आणि जुनी प्रिंट फाडून टाकण्याची शिस्त जास्त काम करील. मोठ्या कंपन्यांनी पुरवठादारांवर प्रणाली लादताना तिचा खर्चही वाटून घ्यायला हवा.

आणखी एक बाब या चर्चेत सहसा येत नाही. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून दाखवल्या आणि पाचही शून्य तारे घेऊन बाहेर पडल्या. अशा टकरीचा नियम तेव्हा आपल्याकडे नव्हता. तो नव्या मॉडेलांना ऑक्टोबर 2017 पासून लागू झाला, आणि ‘भारत एनकॅप’ 2023 मध्ये आले. चुरडलेला पुतळा टीव्हीवर सर्वांनी पाहिला, म्हणून ग्राहक बोलू लागला. संगणकातला निकाल कंपनीच्या सर्व्हरवर असतो. तो कितीही अचूक असला तरी गाडी घेणाऱ्याला तो तपासता येत नाही, आणि त्यावर वर्तमानपत्रात वादही घालता येत नाही.

म्हणून आमचे मत असे. चाचण्यांची संख्या कमी करायला हरकत नाही. एकाच गाडीच्या दहा उपप्रकारांसाठी दहा गाड्या फोडणे ही उधळपट्टी आहे. पण ज्या मॉडेलचे गणित खऱ्या मोडतोडीशी एकदाही ताडून पाहिलेले नाही, त्याचा निकाल मंजुरीसाठी पुरावा मानू नये. ताडून पाहिल्यावर उपप्रकारांना सिम्युलेशनवर मोकळीक द्यावी. मेशपासून धातूच्या गुणधर्मांपर्यंतची गृहीतके सही करणाऱ्या अभियंत्याच्या नावासह नोंदवली जावीत, आणि ती बनवणाऱ्या कंपनीबाहेरच्या डोळ्यांखालून जावीत. तारे देणारी चाचणी मात्र प्रत्यक्ष आणि उघडच राहावी. यात कंपन्यांचा थोडा वेळ आणि बराच पैसा जाईल. त्या पैशाचा काही भाग गाडीच्या किमतीत येईल, आणि तो ग्राहकाने द्यावा असे आम्हाला वाटते.