जुन्या संगणकात ग्राफिक्स कार्ड : आधी झाकण उघडा, मग पाकीट



२०२० साली टाळेबंदीत शाळा मोबाईलवर आली आणि आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पहिल्यांदा संगणक आला. नवा कुठला, कुठल्यातरी कंपनीने काढून टाकलेला डेलचा ऑप्टिप्लेक्स नाहीतर एचपीचा कॉम्पॅक, आत इंटेलचा तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आय-फाईव्ह. त्यावर मुलांनी अभ्यास केला, मुलींनी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरले. आता तीच मुले म्हणतात, "पप्पा, यात ग्राफिक्स कार्ड टाका ना, गेम अडकतात." मग घरात दोनपैकी एक घडते. एकतर "गेमबिम काही नको, अभ्यास कर" म्हणून विषय संपतो, नाहीतर हौसेपोटी दुकानदार सांगेल ते कार्ड येते. पैसेवाल्यांच्या मुलांना खेळ आणि आपल्या मुलांना नुसता अभ्यास, ही वाटणी मला मान्य नाही. पण बोनसचे पैसे डोळे मिटून घालवणेही मान्य नाही.

पहिला प्रश्न मुलालाच विचारा, कुठला गेम खेळायचा आहे? २०१५ साली संगणकावर आलेल्या मूळ जीटीए फाईव्हसाठी जीटीएक्स ६६० हे कार्ड आणि आठ जीबी रॅम सुचवलेली होती. व्हॅलोरंट तर मुळात साध्या संगणकांना धरूनच बेतलेला. असे गेम जुन्या मशीनवर मजेत चालतील. गेल्या दोन-तीन वर्षांतले भारी गेम हवे असतील तर या मशीनवर खर्चच करू नका. तिथे कार्ड दमदार घातले तरी जुना प्रोसेसर मागे पडतो. रॅम चारच जीबी असेल तर आधी ती आठ करा, शक्यतो सारख्या दोन पट्ट्या लावून.

आता मुख्य मुद्दा विजेचा. इथेच बहुतेकांचे पैसे बुडतात. मदरबोर्डवरच्या ज्या लांब खाचेत कार्ड बसते ती खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देते. त्याहून जास्त भूक असलेल्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी सहा किंवा आठ पिनांची वायर लागते, आणि ऑफिसच्या मशीनमध्ये ती वायर बहुधा नसतेच. २०१२ च्या सुमारास आलेल्या ऑप्टिप्लेक्स ७०१० च्या उभ्या मॉडेलचा एसएमपीएस सगळा मिळून २७५ वॅटचा. "नवा एसएमपीएस टाकू की साहेब," असे दुकानदार सांगतो. पण काही ब्रँडेड मशीनमध्ये जोडणीच वेगळी असते, बाजारातला साधा एसएमपीएस थेट बसत नाही. शिवाय त्यावर छापलेले वॅट खरे असतीलच असे नाही. फडतूस एसएमपीएस जळताना मदरबोर्डही घेऊन जातो, आणि घरात संगणक एकच असतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख त्यासाठी थांबत नाही.

म्हणून वेगळी वायर न लागणारे कार्डच घ्या. जीटीएक्स ७५० टीआय (२०१४) ६० वॅटवर चालते. जीटीएक्स १०५० टीआय (२०१६) आणि जीटीएक्स १६५० (२०१९) ही दोन्ही ७५ वॅटची. मात्र १६५० च्या काही मॉडेलांना सहा पिनांची वायर लागते, तेव्हा कार्डाची कड डोळ्यांनी पाहा. जीटी १०३० फक्त ३० वॅट खाते, पण त्याचे डीडीआर४ मेमरीचे मॉडेल बरेच मंद आहे, जीडीडीआर५ असेल तरच विचार करा. आरएक्स ६४०० नवे (२०२२) म्हणून भुरळ पाडते. ते मदरबोर्डशी चारच लेनने बोलते, जुन्या मशीनमध्ये हा रस्ता आणखी अरुंद पडतो. मी तरी ते घेणार नाही.

कॅबिनेट बारीक, आडवे असेल तर अर्ध्या उंचीचे, म्हणजे लो प्रोफाइल कार्ड लागते. फूटपट्टी घेऊन लांबीही मोजा. समोर हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो.

माझा कौल १६५० ला आहे, जुने मिळाले तरी. कारण एनव्हिडियाने ७५० आणि १०५० च्या पिढ्यांसाठी गेमचे नवे ड्रायव्हर काढणे ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, आता फक्त सुरक्षेपुरते येतात. १०५० टीआय स्वस्तात मिळाले तर जुन्या गेमांना ते चालेल. याच महिन्यात, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चा नियमित आधारही संपला, आणि ही मशीन विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. या डब्यात किती पैसे ओतायचे ते हे धरून ठरवा.

जुन्या बाजारात, मग तो मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचे नेहरू प्लेस, बनावट कार्डे फिरतात. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कार्डातली माहिती बदलून त्यावर १०५० टीआयचे नाव चढवतात. एक सोपी खूण सांगतो. खऱ्या १०५० टीआयला मॉनिटरचे जुने निळे व्हीजीए पोर्ट नसते. ते दिसले की उठा तिथून. जीपीयू-झेड नावाचे फुकट सॉफ्टवेअर दुकानातच चालवायला सांगा, बनावट कार्ड ते बहुधा ओळखते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद पडल्यावर रात्रंदिवस राबवलेली कार्डेही बाजारात आली. तेव्हा पंखा खरखरतो का ते ऐका, गेम लावून अर्धा तास चालवून पाहा आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. "बिल कशाला, आपलीच ओळख आहे" असे म्हणणाऱ्याकडून तर आवर्जून घ्या.

घरचा मॉनिटर व्हीजीएचा असेल तर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लागेल, तोही हिशेबात धरा.

कार्ड बसवायला इंजिनिअर लागत नाही. प्लग काढा, चालू करण्याचे बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, कार्ड खाचेत सरळ दाबा, 'खट' झाले की स्क्रू आवळा. सुरू केल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका. बहुतेक वेळा केबल सवयीने मदरबोर्डच्या जुन्या पोर्टलाच लावलेली असते. ती काढून कार्डाला लावा, मग ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या.