तळे खुले झाले, नदीचे काय?

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो. चवदार तळ्यावर नतमस्तक होतो, पुस्तके घेतो, परततो. त्याच महाडला रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे. त्यांचे सांडपाणी शेवटी ज्या सावित्रीच्या खाडीकडे जाते, तिथल्या मासेमारांच्या जाळ्यात काय येते, हे आपल्यापैकी किती जणांनी थांबून विचारले?

चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तो कागदावरच राहिला, म्हणून १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला.

पाण्याच्या कायद्याचेही हेच रडगाणे आहे. जल प्रदूषण प्रतिबंध कायदा १९७४ सालचा. स्वच्छ पाणी हा कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाषकुमार खटल्यात सांगितले. (याचिका मात्र फेटाळली, हे आमचे वकीलबंधू सांगायला विसरतात.) फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने बजावले की, सांडपाणी शुद्धीकरणाची चालू यंत्रणा नसलेला कारखाना चालू ठेवायचा नाही, त्याची वीज तोडायची.

यंत्रणा 'असणे' आणि 'चालणे' यांत फरक आहे. कारखान्याने आपले आम्लधर्मी पाणी आधी उदासीन करायचे, गाळ काढायचा आणि मगच ते सामुदायिक केंद्राकडे पाठवायचे असते. तिथे सूक्ष्मजीव घाण खातात. त्यांना हवा लागते, हवेसाठी ब्लोअर लागतो, ब्लोअरला वीज लागते. वीज वाचविण्यासाठी रात्री ब्लोअर बंद केला किंवा एखाद्याने कच्चे विषारी पाणी तसेच ढकलले, तर सूक्ष्मजीव मरतात आणि इतरांनी प्रामाणिकपणे पाठविलेले पाणीही धड शुद्ध होत नाही. पावसाळ्यात तर नाल्याला पूर आला की पुरावाच वाहून जातो!

आणि पुरावा गोळा कोणी करायचा? गावकऱ्याने बाटलीत भरलेले लाल पाणी कोर्टात टिकत नाही. कलम २१ प्रमाणे नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, मोहोरबंद करायचे. यातली एक पायरी चुकली की मालकाचा वकील हसत घरी जातो. म्हणजे ज्याच्या विहिरीत विष उतरले, त्याच्या हातात काहीच नाही.

त्यात २०२४ सालच्या दुरुस्तीने नदीनाल्यात घाण सोडण्याच्या गुन्ह्यावरची दीड ते सहा वर्षांची कैद काढून टाकली आणि दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड ठेवला. मोठ्या कंपनीला एवढा दंड म्हणजे किरकोळ खर्च. ही दुरुस्ती आधी हिमाचल, राजस्थान व केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. इतरत्र विधिमंडळाच्या ठरावाने लागू होते. या ठरावावर तुमची भूमिका काय, हे प्रत्येक आमदाराला, विशेषतः आपल्या मतांवर निवडून आलेल्यांना, जाहीर सभेत विचारले पाहिजे.

येत्या २० मार्चला महाडमध्ये निवेदन द्यायचे असेल तर मागणी नेमकी असावी : सामुदायिक केंद्राच्या पाण्याचे रोजचे आकडे खाडीकाठच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर मराठीत लागावेत, आणि गावकऱ्यांनी फोन करताच मंडळाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यासमक्ष नमुना घ्यावा, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात.