शंभर मीटरांचा इतिहास

पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला. १८२८ च्या आगीत आतील महाल भस्मसात झाले. उरले ते तट, दरवाजे, नगारखाना आणि जोती. या अवशेषांचे रक्षण व्हावे, याविषयी दुमत संभवत नाही. वाद आहे तो तटाबाहेरील राहत्या वस्तीचा.

१९९२ च्या अधिसूचनेने, आणि पुढे २०१० च्या कायदादुरुस्तीने, केंद्रसंरक्षित स्मारकाभोवतीचे शंभर मीटर प्रतिबंधित ठरविले. वेरूळचा डोंगर आणि कसबा पेठेची गल्ली यांना एकच फूटपट्टी! या पट्ट्यातील जुन्या घराची दुरुस्ती परवानगीने करता येते; पुनर्बांधणी नाही. परंतु सागवानी खांब-तुळयांचा वाडा खचला, की पुष्कळदा तो उतरवून पुन्हा चढवावा लागतो. कोणताही जाणता सुतार हे सांगेल. कायद्याच्या परिभाषेत ती पुनर्बांधणीच ठरते. म्हणजे पूर्वीचेच खण, पूर्वीचीच उंची राखून वाडा उभारू पाहणारा अपराधी, आणि तो कोसळू देणारा निर्दोष. याला इतिहासरक्षण म्हणावयाचे?

२०१७ च्या विधेयकाने या पट्ट्यात सवलत देऊ केली, तीही केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना. ज्यांची चूल तेथे पेटते, त्यांना नव्हे. यात नवल तरी कसले? शनिवारवाड्यावर नाटके-कादंबऱ्या रचणारे मराठी साहित्यही बव्हंशी तटाच्या आतच घोटाळत राहिले. भिंतीपलीकडच्या नांदत्या पेठेला त्याने पार्श्वभूमीपलीकडे स्थान क्वचितच दिले.