सोंग घेतलं की वठवावं लागतं

"शेवटच्या एका बिटाने असं काय आभाळ कोसळणार आहे?" एम्युलेटरचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बऱ्याचदा स्वतः प्रोग्रामर असतात, म्हणून जास्त राग येतो.

एम्युलेटर म्हणजे एका प्रोसेसरने घेतलेलं दुसऱ्याचं सोंग. एआरएमसाठी लिहिलेला प्रोग्राम मी इंटेलच्या मशीनवर तपासतो, तेव्हा मला एआरएमचंच उत्तर हवं असतं, जवळपासचं नको. जवळपासच्या उत्तरावर चाचणी पास झाली, तर ती चाचणीच नव्हे. नापास झाली, तर चूक माझ्या कोडमध्ये की सोंगात, हे शोधत बसा!

दुसरीकडे सोवळ्यातली मंडळी. "अचूक हवं ना? मग हळू चालणारच." क्यूईएमयू कैक वर्षं तसाच चालला. फ्लोटिंग पॉइंटची साधी बेरीजही जॉन हाउझर यांच्या सॉफ्टफ्लोटवर बेतलेल्या कोडमधून, पूर्णांकांच्या डझनावारी सूचना खर्चून व्हायची.

माझ्या मते दोन्ही पक्ष आळशी. २०१८ साली एमिलिओ कोटा यांनी क्यूईएमयूसाठी 'हार्डफ्लोट' लिहिलं, ते बघा. आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकाने बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांचं राउंडिंग बांधून दिलंय. म्हणजे साध्या आकड्यांवर दोन्ही प्रोसेसरांचं उत्तर बिटन् बिट सारखंच. घोळ होतो तो 'नॅन'सारख्या विचित्र किमतींत आणि फ्लॅगांत. यजमान प्रोसेसरचे फ्लॅग दर वेळी पुसून वाचावेत, तर सॉफ्टफ्लोट परवडलं इतका वेळ जातो.

मग युक्ती काय? उत्तर नेमकं न बसता गोल करावं लागलं की 'इनएक्झॅक्ट' फ्लॅग वर जातो आणि प्रोग्रामने पुसेपर्यंत वरच राहतो. एकाला तीनने भागलं की झालं! एकदा तो वर गेला की पुन्हा विचारायची गरजच काय? राउंडिंग नेहमीचं असेल आणि आकडे साधे किंवा शून्य असतील, तर गणित थेट यजमानाच्या हार्डवेअरवर करायचं. उत्तर अनंत आलं तर ओव्हरफ्लोचा फ्लॅग लावायचा, फारच बारीक आलं तर सॉफ्टफ्लोटकडे परतायचं.

"पण हे सगळीकडे कुठे चालतं?" नाहीच चालत. पॉवरपीसीच्या सोंगात फ्लॅग सूचनेगणिक पुसले जात, म्हणून तिथे हार्डफ्लोट बंदच ठेवलं. मला तर हेच सगळ्यात आवडलं. जिथे खात्री तिथे धाव, नाही तिथे मुकाट्याने चाल. याला मी इंजिनिअरिंग म्हणतो, बाकी सगळा जुगाड.

तेव्हा एका बिटाची पर्वा नसलेल्या मित्रांनो, तो बिट बदलत नाही हे आधी सिद्ध करा. मग खुशाल पळा, मीही येतो मागून.