प्रशिक्षणाला आईला घेऊन जा



परवा सोलापुरात नवी पेठेत कापड घ्यायला गेलो होतो. दुकानातल्या पोरानं ओळखलं. म्हणाला, "काका, गावाकडं दोन एकर रान हाय. पन्नास शेळ्यांचं शेड टाकायचंय. आईचे दागिने गहाण ठेवतोय."

मोबाईलवर हिशेब दाखवला. पाच महिन्यांचा गाभणकाळ, जुळी करडं, दोन वर्षांत तीन वेत. गुणाकार बरोबर होता, पण त्यात एकही करडू मेलं नव्हतं!

मी विचारलं, "तू दिवसभर इथं. शेळ्या कोण बघणार?"
"आई."
"प्रशिक्षणाला कोण गेलतं?"
"मी."

इथंच सगळं चुकतं. हॉलमध्ये पोरं बसतात, गोठ्यात आया-बाया राबतात. जो हात लेंडी झाडतो, त्यालाच आधी शिकवायला पाहिजे, हे माझं स्पष्ट मत.

माझंही असंच झालं. पहिल्याच पावसाळ्यात बायको म्हणाली, "करडं सुस्त दिसत्यात." मी बाजारभाव बघत बसलो. कोवळं गवत खाऊन आंत्रविषारानं अकरातली सात गेली. ती लस पावसाआधी द्यायची असते, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

म्हणून त्याला सांगितलं, दागिने राहू देत. आपल्या भागातल्या पाच उस्मानाबादी घे आणि एक वर्ष काढ. आईला एवढं शिकू दे:

✅ करडू जन्मल्यावर तासाभरात चीक पाजणं.
✅ डोळ्याची खालची पापणी ओढून बघणं. गुलाबी असली तर बरं, पांढरट पडली तर बहुतेक जंत.
✅ रोज लेंडी बघणं. पातळ झाली की डॉक्टरांना फोन.
✅ पीपीआर आणि आंत्रविषार लसीच्या तारखा भिंतीवर लिहिणं.

तू बांधावर शेवरी, सुबाभूळ लाव. कडबा, तुरीचं भुसकट साठव. सगळा चारा विकत आणून शेळी परवडत नाही.

"मग मेंढ्या घेऊ का?" मेंढीला चरायला माळ लागतो. फलटणच्या निंबकर संस्थेनं जुळी देणारी 'नारी सुवर्णा' तयार केलीय, पण दोन कोकरांना दूध पुरायचं तर मेंढीला खुराकही तसाच लागतो. आधी एखाद्या धनगर बांधवाबरोबर दोन दिवस रानात फिर.

"पाच शेळ्यांवर घर चालंल का, काका?"

नाही चालणार. म्हणून तर दुकान सोडू नकोस म्हणलं.

तुमच्याकडं शेळ्या कोण बघतं? आणि शिकायला कोण गेलं होतं? खरं खरं सांगा.