एक मिलिमीटरची नळी आणि आमचे बाबा

आपल्या आयटीवाल्यांना प्रत्येक दुखण्यावर एक गॅजेट हवं असतं. बाबांना काचबिंदू निघाला तेव्हा मी पुण्यात बसून रात्रभर वाचलं आणि 'आयस्टेंट'च्या प्रेमात पडलो. टायटॅनियमची जेमतेम एक मिलिमीटरची नळी! डोळ्यातलं पाणी बाहेर नेणारी जाळी तुंबली की ही त्यातून वाट करून देते, दाब उतरतो. मोतीबिंदू काढतानाच बसवता येते. अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली. अजून काय पाहिजे?

महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदिया गाठलं, आमगावहून बाबांना घेतलं आणि नागपूरला गेलो. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे सुरुवातीच्या, फार तर मध्यम काचबिंदूसाठी. यांची नस बरीच गेलीय. यांना जुनी ट्रॅबेक्युलेक्टमीच करावी लागेल. तीसुद्धा उरलेली नजर राखायला. गेलेली परत येत नाही."

ट्रॅबेक्युलेक्टमी १९६८ची. घ्या!

राग नळीचा नाही, ती उत्तमच आहे. राग याचा, की दोनच वर्षांपूर्वी बाबांचा मोतीबिंदू एका शिबिरात निघाला होता. फुकट, व्यवस्थित. पण नसेबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. बाबाही खूश, "मले त बराबर दिसते!" दिसणारच. काचबिंदू म्हणजे लॉगमध्ये एकही एरर न टाकता डेटा उडवणारा बग. बहुधा आधी कडेची नजर जाते, समोरचं दिसत राहतं. आणि बॅकअप नाही.

कोणी म्हणेल, फुकट करणाऱ्यांना नावं कशाला ठेवता? अहो, पेशंट समोर बसलेला, थेंब घालून बाहुली मोठी केलेली. तेव्हाच नस बघायला किती मिनिटं लागतात? नुसता दाब मोजूनही भागत नाही, दाब नॉर्मल असूनही काचबिंदू होतो. शिबिराच्या फलकावर 'इतकी ऑपरेशनं' लिहिता ना, शेजारी 'इतक्या नसा तपासल्या' हेही लिहा. वेळेत सापडलाच नाही तर ती नळी बसवणार कोणाला?

आणि मी तरी कोण मोठा शहाणा? काचबिंदू घराण्यात चालतो, सख्ख्या नात्यात धोका जास्त. मी दर वर्षी चष्म्याचा नंबर काढतो, नस कधीच दाखवली नव्हती. गेल्या शनिवारी दाखवली.

तुम्ही पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा आईबाबांना नवा मोबाईल नंतर द्या. आधी नेत्रतज्ज्ञाकडे न्या आणि दोनच प्रश्न विचारा: दाब किती? नस कशी आहे?